खाली सोयाबीन आहे

एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की ऑक्टोबर आधी नाकाला कळतो. एका बाजूनं लोखंडाच्या मिलमधून येणारा तापलेला वास, दुसऱ्या बाजूनं बियाण्यांच्या गोदामांतून येणारा नव्या सोयाबीनचा. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते, म्हणजे सोयाबीन बारा महिने माझ्या हाताखालीच असतं. तरी नव्या मालाचा वास आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. परवा कामाला जाताना कुणीतरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं. मी स्कूटी बाजूला लावली, सँडल काढले आणि त्या दाण्यांत पाय घातला. पाय आपोआप, न उचलता, आडवा सरकला. त्याच्यामागून दुसरा. जाता जाता एक टेम्पोवाला ओरडला, "ओ म्याडम, डान्स करून राह्यल्या का?"

त्या बिचाऱ्याला काय सांगणार? ह्याच पावलांनी आम्ही एके काळी विद्यापीठाची ढाल आणली होती.

बास्केटबॉलची. मुलींच्या संघाची. मंठ्याहून. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते. तेव्हाही पुष्कळ लोक हसले होते आणि नंतर त्यांनीच आमच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले.

आमचं कॉलेज मंठ्याच्या बाहेर, शेतं सुरू होतात तिथं. मागच्या अंगाला सिमेंटचं एक कोर्ट होतं, आणि त्याला एका बाजूला असा उतार होता की बॉल खाली ठेवला तर तो आपला आपण वस्तीकडे निघायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, पण ही म्हण सगळ्यांना इतकी पाठ, की तक्रार करायचीही सोय नव्हती. पावसाळ्यात भेगांमधून गवत यायचं. ते उपटणं हा आमचा व्यायामाचा पहिला प्रकार.

कोर्टाला लागूनच वस्ती. सोयाबीनची मळणी झाली की वस्तीवरच्या लोकांना माल वाळवायला सपाट, कोरडी, उन्हाची जागा लागायची आणि जवळपास तशी जागा एकच. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास आमचं कोर्ट पिवळं व्हायचं. निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात आम्ही. हे कुणी ठरवलं, कधी ठरलं, कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही कॉलेजात आलो तेव्हा ते तसंच चाललेलं होतं आणि त्या पिवळ्या अर्ध्यावर राज्य होतं गयामावशींचं.

गयामावशी वस्तीवरच्याच. थोडी कोरडवाहू जमीन आणि भरपूर आवाज, अशी त्यांची मालमत्ता. कडेच्या लिंबाखाली बसून त्या सगळ्या वस्तीच्या मालाची राखण करायच्या. पहिल्या वर्षी मी नवे कोरे बूट घालून ऐटीत कोर्टावर पाऊल ठेवलं, तर लिंबाखालून आरोळी आली.

"ए पोरी! लक्ष्मी हाये ती. पायतान काढ आधी!"

"मावशी, हे बास्केटबॉलचे बूट आहेत."

"मंग? बास्केटबॉलचे म्हणून देव माफ करून राह्यला का?"

मी बूट काढले. उतारावरून दाणे आमच्या अर्ध्यातही घरंगळत यायचे, तेव्हा आमचा अर्धाही लक्ष्मीचाच धरला गेला. त्या दिवसांत आम्ही बूट लिंबाखाली काढायचो आणि अनवाणी खेळायचो. चार दिवसांत त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. देवळात जाताना वाटतं का?

बॉलचा कायदा मात्र कडक होता. दाण्यांवर बॉलचा टप्पा पडला की बॉल एकीकडे आणि दाणे दहा दिशांना. ज्या पोरीच्या हातून बॉल सोयाबीनमध्ये पडला तिनं उडालेले दाणे वेचायचे, असं मावशींनी जाहीर केलं. उन्हात वाकून दोन दिवस दाणे वेचले की कुणालाही चांगला पास देता येतो, हे मी अनुभवानं सांगते. आमच्यात सगळ्यात उंच गोदावरी, म्हणजे आमची गोदी. तिला टप्पे मारत पळायची भारी हौस. साहजिकच सगळ्यात जास्त दाणे तिनंच वेचले. "मी बॉल खेळायला आल्ते का सोयाबीन सोंगायला?" असं ती रोज विचारायची आणि रोज वाकायची.

उबाळे सर आमचे क्रीडाशिक्षक. त्यांचं घराणं जाफराबादकडचं, शेतीतलं. ते फार बोलत नसत, कोर्टाच्या कडेला हात मागे बांधून नुसते बघत उभे राहत. एक दिवस ते आमच्याकडे पाठ करून गयामावशींकडे बघत उभे होते. मावशी सोयाबीन पायानं खालीवर करत होत्या. दाणे सगळ्या बाजूंनी वाळावेत म्हणून त्यातून पाय ओढत जायचं, पाऊल उचलायचं नाही. मागं लांबच लांब ओळी पडत जातात. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि मला हाक मारली.

"अर्चना, त्यात उतर. आता हेच आडवं करून बघ. गुडघे वाकव. हात पसर."

मी आडवी सरकले. एक पाय सरकवायचा, दुसरा त्याच्यामागं ओढायचा, पायात पाय अडकू द्यायचा नाही. पाय उचलला तर ओळ तुटायची आणि लगेच दिसायची. दाणे चुगलखोर असतात.

"हेच," सर म्हणाले. "समोरचीला अडवायचं म्हणजे एवढंच. पाय उचलला की ती निसटली."

तेव्हापासून रोज सरावाआधी आमचा सगळा संघ ओळीनं सोयाबीनमध्ये उतरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा सरकत जायचा. मावशींना वाटलं, सरांनी पोरी आपल्या कामाला लावल्या. आम्हाला वाटलं, मावशींनी सरांना फितवलं. माल मात्र लवकर वाळायला लागला. पायांना सोयाबीनची जी थंड, गुळगुळीत गुदगुली होते, ती ज्यांनी घेतली नाही त्यांना शब्दांत सांगून उपयोग नाही. वरचा थर तापलेला असतो आणि त्याच्याखाली पाय गेला की सकाळ अजून शिल्लक असते.

मी शेवटच्या वर्षाला होते, कप्तान होते, आणि त्याच वर्षी बातमी आली की कोर्ट मोडायचं ठरतंय. स्टाफच्या गाड्या वाढल्या होत्या, त्यांना शेड हवं होतं आणि कोर्टाचा कुणाला काय उपयोग? आमचा संघ कधी पहिल्या सामन्यापुढं गेलेला नव्हता, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. तरी सर संस्थेच्या अध्यक्षांना भेटून आले.

"ते म्हणाले, विद्यापीठाची ढाल आणा, कोर्ट राहील. न्हाई तर दिवाळीनंतर शेड."

अध्यक्षांनी ते थट्टेतच म्हटलं असणार. आम्ही ते शब्दशः घेतलं. त्या दिवशी मी लिंबाखाली बसून बूट हातात धरून खरंच रडले. माझ्या आवाजाबद्दल घरीदारी तक्रार होती. पोरीच्या जातीला एवढा मोठा आवाज कशाला, असं एसटीतले अनोळखी लोकही सांगायचे. कोर्टावर तोच आवाज कामाचा होता. 'गोदी, डावीकडं!' म्हणून मी ओरडले की शेतातली माणसं मान वर करून बघायची आणि कुणी रागवायचं नाही. माझं हे शेवटचं वर्ष, माझं निभलं. पण पुढं येणाऱ्या पोरींनी ओरडायचं कुठं? गाड्यांच्या शेडमध्ये?

गयामावशी शेजारी येऊन बसल्या. त्यांना बातमी आमच्याआधी कळली होती. "तुमचं खेळणं जाईल, आमचं वाळवण जाईल," त्या म्हणाल्या. "आमी मंग रोडवर टाकू माल, न् ट्रका त्याच्यावरून जातील. रडून काय व्हतं? ती ढाल का काय म्हंत्यात, ती कुठं भेटती?"

"जिंकावी लागते, मावशी."

"मंग जिंका की. बसून काहून राह्यलीस?"

तर असे आम्ही जिंकायला निघालो. पहिली फेरी जालन्यात, एका कॉलेजच्या झकपक मैदानावर. बाकीचे संघ एकसारखे कपडे घालून पळत पळत कोर्टावर गेले. आम्हीही रांगेत गेलो, कडेची रेघ आली, आणि आम्ही सगळ्याजणी एकदम थांबलो, वाकलो, बूट काढले, जोडीनं नीट कडेला लावले आणि अनवाणी कोर्टावर जाऊन उभ्या राहिलो. आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळं मैदान हसतंय हे मात्र ऐकू आलं. पंच शिट्टी तोंडात धरून आमच्या पायांकडे बघत राहिले.

"कप्तान, हे काय? मंदिर आहे का?"

"सवय आहे सर," मी म्हटलं आणि लाजेपेक्षा मला हसूच जास्त आलं. आम्ही परत गेलो, बूट घातले. गोदी म्हणाली, "हसू द्या. दाणे पण यांनाच वेचाया लावू." आणि तसंच झालं. आमचा बॉल खाली यायचाच नाही. या हातातून त्या हातात, त्या हातातून तिसऱ्या. समोरच्या पोरी बॉल जमिनीवर येण्याची वाट बघत राहायच्या, आणि तोवर तो जाळीतून खाली आलेला असायचा. त्यांच्यातली टप्पे मारत आली की आम्ही तिच्यासमोर सरकत राहायचो. जालना झालं, पुढची फेरी झाली, उपांत्य सामनाही झाला. मी फुशारकी मारत नाही, आम्ही चांगल्याच होतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?

अंतिम सामना दहा-बारा दिवसांवर आला आणि परतीचा पाऊस आला. नुकतीच मळणी झालेली, पोती भरलेली, आणि रात्रंदिवस धार. पाऊस थांबला तेव्हा सगळ्या वस्तीचा माल ओला होता. आणखी एक-दोन दिवस तसाच राहिला असता तर पोत्यातच मोड आले असते. निम्मं कोर्ट कुणालाच पुरणार नव्हतं. माणसं पोती घेऊन कोर्टाच्या कडेला उभी होती आणि एकही माणूस आमचा अर्धा मागत नव्हता. गयामावशी सुद्धा नाही. मग त्याच म्हणाल्या, "तुमी खेळा, पोरीहो. आमी रोडवर टाकतो. तुमी जिंकल्या तरच हे समदं राहनार हाये."

सर माझ्याकडे बघत होते. गोदी माझ्याकडे बघत होती. कोर्ट दिलं तर सराव नाही, सराव नाही तर ढाल नाही, ढाल नाही तर कोर्ट नाही, त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही. आणि समोर ओली पोती. मला आजही वाटतं, त्या क्षणी विचार केला असता तर मी घोटाळा केला असता.

"सगळं कोर्ट घ्या," मी ओरडले. "पोती उघडा, जल्दी!"

या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन पसरलं. सिमेंट दिसेना. आम्ही बूट काढले आणि त्यातच उतरलो. टप्पा मारायचा प्रश्नच नव्हता, बास्केटखालीसुद्धा दाणे. तो सगळा आठवडा आम्ही आडव्या सरकत माल खालीवर केला आणि सरकता सरकता डोक्यावरून एकमेकींना पास दिले. बायका दाताळ्यांनी ओढत होत्या, आम्ही पायांनी, आणि मधून बॉल उडत होता. त्या आठवड्यात बॉल खाली पडला तो गोदीच्याच हातून, एकदाच. सगळ्या कोर्टानं तिच्याकडे असं बघितलं की ती आपण होऊन वाकली.

अंतिम सामना विद्यापीठाच्या हॉलमध्ये. वर छप्पर, खाली चकचकीत लाकूड, त्यात आपलं तोंड दिसेल असं. वस्तीवरची माणसं माल वाहायच्या पिकअपमध्ये बसून आली होती. गयामावशींनी दारात चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अगं माय, केवढी जागा! अख्ख्या मंठ्याचं सोयाबीन वाळलं असतं हितं."

समोरचा संघ शहरातला, दरवर्षी जिंकणारा. आणि त्या लाकडावर आमचं काहीतरी बिघडलं. बॉल किती सुंदर उडत होता! दाणा नाही, भेग नाही, उतार नाही. हात शिवशिवले. गोदी टप्पे मारत सुटली, तिचं बघून बाकीच्या सुटल्या, मीही सुटले. टप्पे मारण्यात समोरच्या पोरी आमच्या आज्या शोभतील एवढ्या मुरलेल्या होत्या म्हणा ना. त्यांनी बॉल काढून घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. मध्यंतराला आम्ही चांगल्याच मागं होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर शेडचे पत्रे दिसायला लागले होते.

सर आले. त्यांच्या हातातल्या, डाव आखायच्या पाटीवर त्यांनी काहीच काढलं नाही. त्यांनी खाली बोट दाखवलं.

"हे काय हाये?"

"लाकूड," गोदी म्हणाली.

"न्हाई. खाली सोयाबीन हाये."

एवढंच बोलून ते बाकावर जाऊन बसले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पायांना आठवलं आधी, मग डोक्याला.

दुसऱ्या अर्ध्यात बॉल जमिनीला लागला असेल तर तो जाळीतून पडून. समोरच्या संघाची कप्तान, लांब वेणीची, फार चपळ मुलगी होती. ती डावीकडे झुकली, मी सरकले. उजवीकडे झुकली, मी तिथंच. मी पाऊल उचलेन म्हणून तिनं वाट बघितली, पण माझं पाऊल उचललंच जाईना. आठवडाभर ओलं सोयाबीन ओढलेले पाय होते ते. ती वैतागून थांबली आणि तिच्या हातून बॉल निसटला, तो आमचा. आम्ही बरोबरीत आलो, पुढं गेलो. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा बॉल आमच्याकडे होता आणि हॉलच्या वरच्या बाजूनं एक ओळखीचा आवाज आला.

"पडू द्यायचा न्हाई गं! पडू द्यायचा न्हाई!"

लोक आधी हसले. मग त्यांच्यातलेच काही तसं ओरडायला लागले. गोदीच्या हातात बॉल आला आणि तिच्यासमोर अख्खा मार्ग मोकळा होता. टप्पे मारत एकटी जाऊन बास्केट करण्याची संधी, तीही अंतिम सामन्यात. तिचं आयुष्यभराचं स्वप्न. तिचा हात खाली गेला. मी हात वर केले. मग तिनं बॉल डोक्यावर उचलला आणि माझ्याकडे फेकला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो माझ्या छातीशी होता. गोदीइतका मोठा त्याग मी अजून कुणाचा पाहिलेला नाही, आणि हे मी तिच्या लग्नातही माईकवरून सांगितलं.

ढाल आली, कॉलेजच्या सभागृहात सत्कार झाला. नारळ, शाली, भाषणं. अध्यक्ष उठले. माणूस शब्दाचा पक्का निघाला. "कोर्ट राहील," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. "नुसतं राहणार नाही. नवा पृष्ठभाग करू, भोवती कुंपण घालू, फाटक लावू. आता तिथं कुणी धान्यबिन्य टाकणार नाही. खेळाडूंचं कोर्ट खेळाडूंचंच राहील." आणखी मोठ्या टाळ्या. गयामावशी दाराशी, बाकीच्या बायकांबरोबर उभ्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं, तरी वाजवत होत्या. गरज सरो नि वैद्य मरो असं आपण सहज बोलतो, पण वैद्य समोर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला की बघवत नाही.

मला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते. मी ते शुद्ध भाषेत पाठ करून आले होते. माईकसमोर गेले आणि सगळी शुद्ध भाषा उडाली. मग मी माईक बाजूलाच केला. मला त्याची गरज कधी नव्हती.

"साहेब, कोर्ट राह्यलं, लई आनंद झाला. पण कुंपण नका घालू. आमी बूट काढून, सोयाबीनमधी सरकून शिकलो. दाणेच न्हाई राह्यले तर पुढच्या पोरींना शिकवनार कोन?"

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर कधी नव्हे ते बोलले, "बराबर बोलून राह्यली ती, साहेब."

अध्यक्ष हसले. "म्हणजे ढालीबरोबर आता पोतंही ठेवायचं का कॉलेजात?"

"पोतं मावशी ठेवतील," मी म्हटलं. "तुमी फक्त फाटक नका ठेवू."

हशा पिकला आणि त्या हशात कुंपण गेलं. पुढं कोर्टाच्या मधोमध एक जाड पांढरी रेघ मारली गेली. एवढंच काय ते नवं बांधकाम.

परवा तो टेम्पोवाला ओरडून गेला आणि मला काही राहवेना. रविवारी मी मंठ्याची एसटी धरली. कोर्ट आहे तिथंच आहे, उतारही आहे तसाच. रेघ ताजी रंगवलेली. निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात पोरी, लिंबाखाली बुटांची रांग. एक बारकी मुलगी एवढ्या मोठ्यानं ओरडत होती की शेतातला माणूस मान वर करून बघत होता. मला तिला जाऊन मिठी मारावीशी वाटली. लिंबाखाली गयामावशी बसलेल्या. आता त्यांना कमी दिसतं. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान फिरवली.

"कोन हाये? पायतान काढ आधी!"

"काढलंय, मावशी!" मी म्हटलं, माझ्या नेहमीच्या आवाजात. कोर्टावरचा बॉल थांबला, सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या.

मावशींचा चेहरा फुलला. "अर्चे, तू व्हय! मंग उभी काहून राह्यलीस? ते कोपऱ्यातलं खालीवर करायचं राह्यलंय."

मी गुडघे वाकवले, हात पसरले आणि सोयाबीनमध्ये उतरले.